गाडीला घातलं की

आटपाडीच्या बाहेर माळावरच्या वस्तीत जोतीराम हवालदाराच्या घरासमोर कातळाचा एक सपाट तुकडा होता. त्यावर धान्य वाळवायचं नाही, शेरडू बांधायचं नाही, पाहुण्यांनी सायकलसुद्धा टेकवायची नाही. ती जागा डिझेल जीपची. कातळ खरोखर सपाट आहे की नाही, हे जोतीरामनं पाण्यानं भरलेली परात मधोमध ठेवून तपासलं होतं. एका कोपऱ्यात बोटभर उतार निघाला, तो त्यानं सिमेंटनं भरून काढला. वाकड्या जागी उभ्या गाडीत ऑइल मोजायची पट्टी खोटं सांगते, असं तो म्हणे. आणि खोटं सांगणाऱ्याचा त्याला भारी राग.

फौजेत सतरा वर्षं त्यानं गाड्यांच्या वर्कशॉपात काढली. जोधपूरची वाळू पाहिली, लेहची थंडी पाहिली, जिथं संध्याकाळी रेडिएटरमधलं पाणी काढून ठेवायचं विसरलं तर सकाळी इंजिन तडकलेलं मिळे. पेन्शनीवर आला तो साताऱ्याहून ही जुनी जीप घेऊनच. तेव्हापासून आटपाडी ते विटा, दिवसातून दोन खेपा. आत माणसं, कोंबड्या, डाळिंबाच्या पेट्या, बाजाराच्या दिवशी एखादं करडू कुणाच्या तरी मांडीवर. बाकीच्या जीपवाल्यांचा दिवस चहानं सुरू व्हायचा, ह्याचा ‘फस परेड’नं. फौजेत गाडी सुरू करण्याआधी रोज सकाळी तेल, पाणी, हवा बघतात, त्याला म्हणतात फर्स्ट परेड. पलटण सुटली, पण जोतीरामची परेड काही सुटली नाही.

नवे जीपवाले त्याच्याकडे तक्रार घेऊन येत. माझी गाडी ऑइल खाते, माझी पाणी पिते.

“खाती तर खाऊ दे की,” तो आधी म्हणे. “इंजान हाय त्ये, उपास धरत न्हाई. थोडं खानारच. माजी गाडी थेंब खात न्हाई म्हननाऱ्याला पट्टी बगाय येत न्हाई, एवडंच. बरं, किती खाती? कवापासनं? आन कशापायी? पयल्या दोन तू सांगायच्या, तिसरी म्या सांगतो.”

“लय खाती हवालदार.”

“लय म्हंजी किती? लय हे काय माप हाय व्हय रं?”

आणि तो त्या माणसाला परत पाठवी. हजार किलोमीटर चालव. रोज एकाच वेळी, सपाट जागी, गार इंजिनावर पट्टी बघ. वरून घालशील ते मापून घाल. भिवघाटची चढण, ओझं आणि ऊन ह्यांनी खाणं थोडं वाढणार, ते धरून चाल. मग ये. धुराचंही तो सांगे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त नाहीतर हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत शिरतंय. पाण्याला जायला तीनच वाटा, असं त्याचं पक्कं मत. बाहेर गळालं तर जमिनीवर दिसेल. ऑइलमध्ये उतरलं तर पट्टीवर दुधाच्या चहाचा रंग येईल. आणि आत जळायला गेलं तर सायलेन्सरमधून पांढरं होऊन निघेल. चौथी वाट नाही.

त्याचे स्वतःचे आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेले असत. तारीख, ऑइल, पाणी. बॉनेट उघडलं की महिन्याभराचा हिशेब डोक्यावर उभा.

परेडमधली पाण्याची बाजू मात्र त्याच्या बायकोकडे होती. जीप घरी आली त्या दिवशी हळदीकुंकू लावून अंजनानं रेडिएटरमध्ये पहिलं पाणी घातलं, आणि मग तो रिवाजच पडला. दिवसाचं पहिलं पाणी अंजनाच्या हातचं. तो गाडीखाली उताणा पडून गळती बघायचा, चाकं ठोकायचा, आणि ती पुढं उभी राहून लिटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या मापानं पाणी घालायची. मापाला आतून जोतीरामनं कानसीनं रेघा मारल्या होत्या, पाव, अर्धा, पाऊण. तोंडाशी पाणी आलं की ती ओरडायची, “बास!” आणि मग आकडा, “आज पाव!” तो खालून म्हणायचा, “पाव!” झाकण बसल्याचा आवाज आला की परेड संपली. चारपाच वर्षं रोज हे चाललं. वस्तीवरची भामाबाई म्हणायची, “ह्या दोगांचा संसार एका सबुदावर चाललाय, बास.”

ही गोष्ट शहाण्णव सालच्या उन्हाळ्यातल्या बावीस दिवसांची आहे. त्या बावीस दिवसांत अंजना आतून वाळत चालली होती. आणखी महिना तसाच गेला असता तर ती हाताला लागली नसती, असं पुढं डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं. आणि हा आपला, तालुक्यातला एक नंबरचा जाणता, गाडीखाली आडवा होऊन पाणी कुठं जातंय ते शोधत होता. राग यावा असंच आहे. पण त्याच्यावर एकट्यावर रागावून भागत नाही.

त्यासाठी अंजनाचं माहेर समजून घ्यायला हवं. ती इस्लामपूरजवळची. घराला लागून पाट, पाटापलीकडे ऊस, उसापलीकडे साखर कारखान्याची चिमणी. आंघोळीला पाणी मोजायचं असतं हे तिला एकोणिसाव्या वर्षी, लग्न होऊन आटपाडीला आल्यावर कळलं. पहिल्याच आठवड्यात तिनं सकाळी पाठोपाठ दोन तांबे पाणी प्यायलं आणि सासू चारचौघींत बोलून गेली, “नदीकाटची हाय, हिला पानी लय लागतं.” झालं. ते नाव चिकटलं. कुणी वाईट बुद्धीनं म्हणत नव्हतं, पण पाणवठ्यावर, लग्नकार्यात, हसता हसता कुणीतरी ते काढायचंच. अंजनानं मग आयुष्यभर कमी पाण्यात राहून दाखवलं. एका तांब्यात तोंड, हात, पाय. भांडी राखेनं घासून कोरड्या फडक्यानं पुसलेली. पंचवीस वर्षांत तिनं कुणाच्या दारात पाणी मागितलं नाही. सासू गेली, पोरं मोठी झाली, मुलगा पलटणीत गेला, लेक संयोगिता साताऱ्यात दिली, तरी ते बोलणं तिच्या मनातून गेलं नव्हतं.

त्या वर्षी टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. घरटी आठ घागरी. चैत्र लागला आणि अंजनाला तहान लागायला लागली. अशी की पाणी प्यावं आणि तांब्या खाली ठेवेपर्यंत पुन्हा घसा कोरडा. पहाटे चारदा उठून बाहेर जायचं आणि येताना रांजणात तांब्या बुडवायचा. तिला वाटलं, उन्हाची तहान. मग वाटलं, आपल्या रक्तातच हे असेल, सासू म्हणायची ते खरंच असेल. ही शेवटची गोष्ट तिला सगळ्यात जास्त लागली.

पहिल्यांदा जोतीरामनं सहज विचारलं होतं. हात धुताना रांजणात डोकावला आणि म्हणाला, “अगं, परवाच टँकर आला की. एवडं पानी कुटं ग्येलं?”

ती चपापली. तोंडाला येईल ते बोलली. “गाडीला घातलं की.”

दुसऱ्या दिवशी सकाळी परेडला तिनं “बास!” म्हटलं आणि मग क्षणभर थांबून म्हणाली, “आज अर्धा.”

“अर्धा?” गाडीखालून आवाज आला. “काल तर काय लागलं न्हवतं.”

बॉनेटच्या आत खडूनं अर्धा लिहिला गेला. चार दिवसांनी पाऊण. मग एक. मग सव्वा. जोतीरामचं जेवणावरचं लक्ष उडालं. जीप रोज पाणी पितेय, वाढत्या मापानं पितेय, आणि खूण एकही नाही. कातळ कोरडा ठाक. ऑइलची पट्टी स्वच्छ, दुधाचा रंग नाही. सायलेन्सरपाशी उकिडवा बसून त्यानं हातावर धूर घेतला, हुंगला, रुमालावर धरला. पांढरं काही नाही. तापमानाचा काटा भिवघाट चढतानासुद्धा जागचा हलत नव्हता. होजपाइप दाबून पाहिले, पंपाखाली वर्तमानपत्राचा कागद पसरून सकाळी भिंगानं तपासला. तिन्ही वाटा बंद, आणि पाणी तर जातंय. प्रवासी काही बोलायला लागले तर तो “गप बसा रं जरा, आइकू द्या” म्हणून इंजिनाला कान देई.

गाडी त्याला खोटं सांगत नव्हती. ती रोज खरं तेच सांगत होती, पण तो ऐकत होता भलतंच.

अंजनाच्या पोलक्याला दोन्ही बगलांत पिना लागल्या. गळ्याची हाडं वर आली. पायऱ्या चढताना ती हात टेकायला लागली. चाकात दोन पौंड हवा कमी झाली तर हवालदाराला बसल्या बसल्या कळायची. हे कळलं नाही. एकदा त्याला वाटलंही की हिची तब्येत उतरलीय, पण उन्हाळ्यात सगळेच उतरतात म्हणून त्यानं ते मनातच ठेवलं. त्याच संध्याकाळी मात्र तो एक वाक्य बोलून गेला, आणि ते त्याला जन्मभर पुरलं.

“अंजना, घरात जरा जपून वापर पानी. आठ-पंदरा दिस. गाडीला कमी पडाय नगं.”

“व्हय,” ती म्हणाली.

आणि तिनं जपून वापरलं. दुपारी ओल्या पदराचं टोक तोंडात धरून ती चुलीपाशी बसून राहायची. भामाबाईनं एकदा पाहिलं आणि विचारलं, तर दात दुखतोय म्हणाली. पण पहाटेची तहान काही धरवायची नाही. पहाटे ती माप भरून प्यायचीच.

विसाव्या दिवशी बॉनेटवर अडीच लिहिलं गेलं. जोतीरामनं खडू खिशात टाकला, सोमवारच्या खेपेचे लोक विट्याला उतरवले आणि जीप थेट नाथाजी मिस्त्रीच्या दारात नेऊन लावली. नाथाजी त्याचा जुना दोस्त, बोलायला फटकळ, हाताला सोनं.

“हेड खोल,” जोतीराम म्हणाला. “गॅस्केट ग्येलंय. आतल्या आत पानी पितीया.”

“कशावरनं?”

“अडीच लिटर रोज.”

नाथाजीनं पट्टी काढून बघितली, धूर बघितला, आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. “अडीच लिटर आत ग्येलं असतं तर ही हितवर आली असती व्हय, हवालदार?”

“तू खोल रं गड्या.”

दोघांनी मिळून हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं. रात्र जोतीरामनं तिथंच काढली. मंगळवारी उजेडात हेडखालचं पत्र्यासारखं गॅस्केट हातात धरून नाथाजीनं ते चारी बाजूंनी फिरवलं. कुठं जळल्याची रेघ नाही, कुठं गंजाचा डाग नाही. हेडवर काचेची पट्टी ठेवून बघितली, केसाएवढी फट नाही. चारही पिस्टनची डोकी काजळीनं सारखी काळी. पाणी शिरलं असतं तर एखादं तरी धुवून लख्ख झालं असतं.

“ऐक,” नाथाजी म्हणाला. “तुजी गाडी पानी पीत न्हाई. तुला कोनतरी येड्यात काडतंय.”

जोतीरामला असा राग आला की तो चहा न घेता एसटीला जाऊन बसला. सगळ्या वाटेत त्याला एकच लागून राहिलं होतं, इतक्या वर्षांचा आपला हात चुकला कुठं.

घरी पोचला तेव्हा ऊन अजून उतरायचं होतं. कातळ मोकळा पडला होता. पाणी प्यायला म्हणून त्यानं रांजणाचं झाकण काढलं आणि तांब्या आत घातला. तांब्या बुडाला खडखडला. सोमवारी सकाळी टँकर आला होता. आठांपैकी दोन घागरी त्यानं स्वतः ह्या पिण्याच्या रांजणात ओतल्या होत्या. घरात एक माणूस.

“अगं, पानी कुटं ग्येलं?”

अंजना चुलीत फुंकर घालत होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. रोजचं झालेलं उत्तर तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

“गाडीला घातलं की.”

मग तिची फुंकणी थांबली.

जोतीराम दारातून बाहेर बघत होता. सपाट कातळ, मधोमध ऑइलचा जुना डाग. जीप विट्याला हेड खोलून पडलेली. मग तो आत आला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे परेडला बघावं तसं बघितलं. फाटलेले ओठ, खोल गेलेले डोळे, पिना लावलेलं पोलकं, फुंकणी धरलेला बारीक झालेला हात. तिन्ही वाटा बंद होत्या, ही चौथी. ती रोज सकाळी त्याच्यापासून चार हातांवर उभी असायची.

“किती?” त्यानं विचारलं.

अंजनाच्या डोळ्यांतून पाणी आलं. “तुमास्नी सांगितलं त्येवडंच. फाटंचं. दिवसाचं येगळं.”

“म्हंजी तू जो आकडा सांगत हुतीस...”

“माजाच. मापानंच पीत हुते.”

“मापानं कशाला?”

“तुमी इचारनार की, किती घातलं.” तिनं पदर तोंडाला लावला. “गाडीला घातलं म्हनून खोटं बोलले म्या. पर आकडा कसा खोटा सांगू तुमास्नी? तुमी त्यो लिवून ठेवताय.”

जोतीरामनं तिच्या हातातली फुंकणी काढून बाजूला ठेवली. खोटं बोलणाऱ्याचा राग येणारा माणूस तो, पण एवढं खरं त्याच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. “कवापासनं?” एवढंच त्यानं कसंबसं विचारलं.

“पाडवा झाला तवापासनं. आवं, माजं रगतच तसलं. आत्याबाई म्हनायच्या...”

“गप,” तो म्हणाला. “आईचं त्ये बोलनं आता काडू नगंस.”

किती आणि कधीपासून, ह्या दोन गोष्टी कळल्या होत्या. कशापायी, हे सांगायची पाळी त्याची होती आणि त्याला ते सांगता येत नव्हतं. इंजिनापुढं तो असा कधी बसला नव्हता. तो उठला, भामाबाईच्या दारात गेला, पंचवीस वर्षांत त्या घरातून कुणी मागितली नव्हती ती घागर त्यानं मागितली, आणि खांद्यावरून आणून अंजनाच्या पुढ्यात ठेवली. “पी. पायजे त्येवडं पी. मापू नगंस.”

आटपाडीत डॉक्टर नव्हते असं नाही. पण अवघड काम मोठ्या वर्कशॉपात न्यायचं, ही फौजेची शिकवण. बुधवारी पहिल्या एसटीनं तो तिला घेऊन निघाला. विट्याला गाडी बदलायची होती. तेवढ्या वेळात अंजनाला स्टँडवर सावलीत बसवून तो नाथाजीकडे धावत गेला, हेड नसलेल्या जीपचं बॉनेट वर केलं आणि खडूचे सगळे आकडे एका वहीच्या पानावर उतरवून घेतले. नाथाजीनं विचारलं, “आता ह्ये कशाला?” जोतीराम म्हणाला, “पानी पिनारी गाडी सापडली,” आणि तसाच परत पळाला.

सांगलीला विश्रामबागेत शरयू केळकर डॉक्टरीणबाईंचा छोटा दवाखाना होता. फौजेतल्या एका साहेबानं कधीकाळी ते नाव दिलेलं. बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, बोलणं शांत. त्यांनी अंजनाची नाडी बघितली, जीभ बघितली, आणि विचारलं, “पाणी किती पिता? आणि कधीपासून?”

जोतीराम ताठ झाला. त्याचेच दोन प्रश्न. त्यानं खिशातून पान काढून टेबलावर ठेवलं.

बाई वाचत गेल्या. अर्धा, अर्धा, पाऊण, एक, सव्वा. तारखेसह, शेवटी अडीच. त्यांनी चष्मा काढला. “हे कुणी लिहिलं?”

“म्याच. पर त्ये, म्हंजी, गाडीचं म्हनून लिवलं हुतं बाई.”

तिथं मग सगळी कथा सांगावी लागली. बाई आधी हसल्या, मग त्यांचं हसू मावळलं. “तीस वर्षं मी विचारतेय हा प्रश्न,” त्या म्हणाल्या. “सगळे सांगतात, खूप पाणी पिते. खूप म्हणजे किती, ते कुणाला सांगता येत नाही.”

“लय हे माप न्हाई, बाई,” जोतीराम सवयीनं बोलून गेला.

रक्त तपासायला दिलं. तासाभरानं कागद आला. साखर चारशे चाळीस. बाईंनी दोघांना बसवून समजावलं. रक्तात साखर साठलीय. ती बाहेर टाकण्यासाठी शरीर पाणी ओढून घेतं आणि लघवीवाटे सोडून देतं. मग पुन्हा तहान. म्हणून कितीही प्यायल्या तरी बास वाटत नाही. वजन उतरतंय तेही त्यामुळंच.

“म्हंजी गळती न्हाई,” जोतीराम हळू म्हणाला. “आत कायतरी जळत न्हाई नीट, म्हनून पानी सायलेन्सरनं भाईर.”

“तसंच म्हणा. आणि एक लक्षात ठेवा, ह्यांचं पाणी कधी तोडू नका. तहान हा आजार नव्हे. तहानेनंच ह्यांना इथवर आणलं. पाणी तोडलं असतं तर बेशुद्ध होऊन पडल्या असत्या.”

जोतीरामनं टोपी काढली आणि मांडीवर धरली. “बाई,” तो म्हणाला, “म्याच म्हनलं हुतं, जपून वापर.” आणि मग डॉक्टरांसमोर, नर्ससमोर, बाहेरून डोकावणाऱ्या पेशंटांसमोर हवालदार रडला.

अंजनाला लाज वाटली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि वातावरण सावरायला म्हणून म्हणाली, “कारखाना ऱ्हायला इस्लामपुरात, साकर तेवडी माज्याबरूबर आली बगा.”

सहा दिवस तिला दवाखान्यात ठेवलं. घरी निघताना इन्शुलिनच्या बाटल्या आणि सुया बरोबर दिल्या. सिरिंजच्या नळीवर चाळीस बारीक रेघा होत्या, आणि रेघा म्हटल्यावर जोतीरामचा जीव जरा थाऱ्यावर आला. घरात फ्रीज नव्हता. त्यानं ओल्या वाळूत मडकं पुरून त्यात बाटल्या ठेवल्या, आणि त्या वाळूवर रोज शिंपडायचं पाणी स्वतःच्या आंघोळीतून वाचवलं. सुई टोचायचा सराव त्यानं डाळिंबावर केला. डाळिंबाची साल जाड, म्हणून पहिल्या दिवशी त्यानं जरा जोरच लावला.

“आवं! म्या डाळिंब न्हवं!” अंजना ओरडली. भामाबाई धावत आली आणि दारातच हसत बसली.

जीप परत कातळावर आली. परेड पुन्हा सुरू झाली, फक्त पहिलं पाणी बदललं. जोतीराम सकाळी उठून माप भरायचा आणि आधी अंजनाला द्यायचा. तिचं पिऊन झालं की आकडा बॉनेटच्या आत, पाण्याच्या शेजारी नव्या रकान्यात. मग जीपचं पाणी, मग ऑइल. पहिल्या आठवड्यात ती दोन मापं प्यायची. मग दीड. मग एक आणि वर थोडं. ती पिऊन संपवेपर्यंत तो तिच्या ओठांकडे बघत उभा राहायचा. रिकामं माप ती परत द्यायची तेव्हा दर वेळी त्याला वाटायचं, आजही उरलं नाही.

ज्येष्ठातली एक सकाळ होती. जोतीराम पाणी देऊन, पट्टी पुसायला बॉनेटपाशी गेला होता. अंजना उंबऱ्यावर बसली होती. तिनं पाचसहा घोट घेतले, दहाबारा घेतले. मापात पाणी अजून निम्म्यावर होतं. तिनं ते खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं, आणि अगदी पूर्वीसारखं म्हणाली,

“बास!”

बॉनेटमागून नेहमीचं उत्तर आलं नाही. तिनं वाट बघितली. मग परत म्हणाली, “आवं, बास म्हनलं. आज अर्धा. लिवताय न्हवं?”

जोतीराम ऑइलची पट्टी हातात धरून उभा होता. ती त्यानं पुसली, पुन्हा पुसली, आणि दिसेना म्हणून तिसऱ्यांदा पुसली.

“अर्धा,” तो म्हणाला.